अक्का, नुसतं उभं राहायचं होतं

अक्का, रविवारी बीदरला तुझी शोकसभा झाली. हॉल भरला होता. तुझा फोटो मोठा करून लावला होता आणि त्यावर इतके हार घातले होते की हनुवटीखालचं काही दिसत नव्हतं. एकानं तुला वीरांगना म्हटलं. तू ऐकलं असतंस तर पदर तोंडाला लावून हसली असतीस. दुसरा वक्ता म्हणाला, "अक्का परदेशात बंदुकांसमोर उभ्या राहिल्या, गावात गायरानासाठी उभ्या राहिल्या, आणि त्यांच्या पाठीशी भक्कम उभे होते त्यांचे धाकटे बंधू नागनाथराव." टाळ्या पडल्या. मी उठून हात जोडले. पुढच्या रांगेत खाली बसलेल्या, आपल्या गावच्या लिंगव्वानं मान वर करून माझ्याकडं बघितलं, आणि मग ती जमिनीकडं बघायला लागली.

घरी आल्यापासून मला कुणाशीच बोलवत नाही. तुझ्याशी तेवढं बोलावंसं वाटतंय. तू किती शिकलीस, कुठं कुठं नोकरी केलीस, ते पेपरात आलंय. ते सोडून देतो.

तू अम्मानच्या दवाखान्यात नर्स म्हणून गेलीस, तेव्हा गावातल्या तुझ्या मोडलेल्या लग्नाविषयी बोलणाऱ्यांची तोंडं बंद झाली होती. अव्वा तर बाजारात मुद्दाम लांबच्या वाटेनं जायची, कुणीतरी तुझी चौकशी करावी म्हणून. अप्पांनी शेवटची मेंढरं विकून तुला नर्सिंगला घातलं, ते फळाला आलं असं आम्ही सगळेच म्हणायचो. आणि मग एका दुपारी गुलबर्ग्यात, आमच्या डाळीच्या दुकानाशेजारच्या एसटीडी बूथवर तुझा फोन आला.

"नागू, नोकरी सोडायलेय मी."

"कामून? काय झालं?"

"काही झालं न्हाई. नदीवरचा पूल ओलांडला की पलीकडच्या मुलखात, डोंगरात, मेंढपाळ राहतात. त्यांच्यासंगं राहायला जायलेय. तीन महिने."

मी त्या काचेच्या खोक्यात मोठ्यानं हसलो. म्हणालो, "अप्पानं मेंढरं विकून तुला शिकवलं, आन् तू परक्याची मेंढरं राखायला जायलीस व्हय?"

"राखायला न्हाई. संगं चालायला."

"चालून काय होतंय?"

"त्यांची जमीन हाय ती. टेकड्यांवर दुसऱ्यांनी येऊन वसाहती केल्यात, आन् त्यांच्या राखणीला फौज. ह्या लोकांनी मेंढरं चारायला काढली की दगड मारतात, पिटाळून लावतात. एकटा माणूस दिसला की जास्तच. बाहेरच्या देशाचं कुणी बाजूला उभं असलं की हात आखडतो त्यांचा. म्हून जायचं."

मी म्हणालो, "अव्वाला तूच सांग," आणि फोन ठेवला. बाहेर गिऱ्हाईक थांबलं होतं. खरं तर गिऱ्हाईक थांबलं असतं.

पहिल्या खेपेनंतर तू गुलबर्ग्याला आलीस ती हात झोळीत घालून गळ्यात बांधलेला. गळ्याखालचं, खांद्याजवळचं हाड मोडलेलं. आल्या आल्या अव्वानं तुझ्या तोंडावरून हात फिरवला आणि तू स्वयंपाकघरात पाटावर बसून बोलायला लागलीस. मी बाहेरच्या खोलीत मॅच बघत होतो. आवाज मोठा करून. मधे मधे तुझं बोलणं कानावर यायचं. अव्वानं नंतर ते सगळं इतक्या वेळा सांगितलं, की आता माझ्या डोक्यात तुझं बोलणं अव्वाच्याच आवाजात आहे.

अव्वानं विचारलं होतं, "त्यांची बी मेंढरं काळी असतात का गं?"

"न्हाई अव्वा. पांढरी. तोंड तांबडं आन् शेपटीला ही एवढी चरबी."

"मग वळकतात कशी एकमेकीला?"

तू खूप हसलीस, हाड दुखेपर्यंत. मग सांगितलंस, की तुम्ही सगळे निरनिराळ्या देशांचे होता. कुणी जपानचं, कुणी इटलीचं, आणि डेन्मार्कची एक निवृत्त शिक्षिका, इंगा, जिचे केस आपल्या मेंढीच्या लोकरीसारखे दाट होते. कुणालाच मेंढरातलं काही कळत नव्हतं. हात उगारायचा नाही, शिवी द्यायची नाही, पळायचं नाही, एवढं तुम्हाला शिकवलेलं. एका सकाळी अबू सालेम नावाच्या मेंढपाळाची एक मेंढी विताना अडली. कोकराचा पाय आत दुमडला होता. दवाखाना चौक्यांच्या पलीकडं, सैनिक सोडतील तेव्हा खरं. तू बाह्या वर केल्यास आणि अप्पा करायचे तसं हात घालून कोकरू फिरवलंस. ते जमिनीवर पडून शिंकलं तेव्हा अबू सालेमची बायको, उम्म सालेम, तुझ्या गळ्यात पडली. त्या दिवसापासून ती तुला 'उख्ती' म्हणायला लागली. "म्हंजे बहीण," तू अव्वाला म्हणालीस. "तिकडं बी मी अक्काच." साबणाला ते साबून म्हणतात आणि खुर्चीला कुर्सी, आपल्या बीदरच्या मुसलमानी मोहल्ल्यासारखंच, याचं तुला केवढं अप्रूप होतं.

आणि तो सैनिक. अबू सालेमला त्याच्याच माळावर पकडून, हात मागं बांधून उन्हात बसवलं होतं. तू आणि इंगा त्याच्या दोन्ही बाजूंना जाऊन मातीत बसलात. उठा म्हणाले, तुम्ही उठला नाहीत. दुपार झाली. एक कोवळा सैनिक तुझ्याजवळ आला आणि विचारलं, "इंडिया?" तू मान हलवलीस. तो म्हणाला, सैन्यातून सुटलो की मी गोव्याला जाणार आहे. तू म्हणालीस, "ये. आमच्या घरीबी ये. बीदरला किल्ला हाय, बघण्यासारखा. पर आधी यांचे हात सोड. बघ, बोटं निळी पडायलीत." तो वळून निघून गेला. थोड्या वेळानं त्यानं येऊन दोरी सैल केली. सोडली नाही, सैल केली. ही गोष्ट सांगताना तू त्या पोराला एकही वाईट शब्द वापरला नव्हतास, असं अव्वा नेहमी म्हणायची.

मॅच संपल्यावर मी आत आलो आणि विचारलं, "हाड कुणी मोडलं?"

"वसाहतीतली पोरं होती. तोंडाला फडकी बांधलेली. वरून दगड मारायले होते."

"आन् फौज?"

"बघत होती."

"मग आता तरी पुरे कर," मी म्हणालो. तुला बरं वाटतंय का, हेसुद्धा विचारलं नाही.

तू पुरे केलं नाहीस. गुलबर्ग्याच्या एका दवाखान्यात नोकरी धरायचीस, ऑलिव्हच्या फळांचा हंगाम आला की रजा टाकून जायचीस. तिथली फळं झाडावरून उतरवताना लोकांना मारतात, तेव्हा बाजूला कुणीतरी हवं असतं म्हणायचीस. दरवर्षी जाताना मला म्हणायचीस, "स्टेशनपर्यंत येतोस का?" दरवर्षी दुकानात काहीतरी असायचं.

मग ती दुपार. आपण गच्चीवर होतो, अव्वानं वाळवण घातलं होतं, आणि तू पुन्हा जायचं म्हणत होतीस. मी म्हणालो, "अन्यायच बघायचाय तर आपल्या गावात काय कमी हाय? तेवढ्या लांब जाऊन कामून उभी राहतीस? तिकडं फोटो निघतात म्हून?"

तू वाळवणावरची चिमणी हाकललीस. म्हणालीस, "फोटो काढायचं काम माझ्याकडं न्हाई रे. माझा हात कापतो."

एवढंच. मला वाटलं, मी जिंकलो.

अव्वा गेल्यावर तू दवाखाना सोडलास आणि गावी राहायला गेलीस. संतपूरच्या पलीकडं, आपल्या जुन्या घरात, जिथं मी दिवाळीलासुद्धा येत नव्हतो. तोपर्यंत गावात मेंढरं असणारी चारदोनच घरं राहिली होती. बाकीच्यांची पोरं हैदराबाद-पुण्याला, जमिनीत सोयाबीन. गायरानाच्या कडेला दिगंबरनं खडीचं क्रशर टाकलं. दिगंबर म्हणजे माझ्या बायकोचा भाऊ. त्याच्या गाड्यांना जागा पाहिजे म्हणून त्यानं गायरानाकडं जाणारी वाट काटे टाकून बंद केली. बिरप्पा मेंढरं घेऊन गेला तर त्याच्या माणसांनी कुत्री सोडली, बिरप्पाला ढकलून दिलं. म्हातारा माणूस. लिंगव्वा, त्याची बायको, रडत तुझ्याकडं आली.

दुसऱ्या दिवसापासून तू बिरप्पाच्या मेंढरांसंगं चालायला लागलीस. शिवी नाही, घोषणा नाही. काटे उचलून बाजूला ठेवायचे, मेंढरं पुढं काढायची, कुणी आडवं आलं की उभं राहायचं. लोक हसायचे, "सिस्टरबाई मेंढरं राखायल्यात." मग लिंगव्वा यायला लागली, मग तिची जाऊ, मग आणखी बायका. हे सगळं मला गुलबर्ग्यात दिगंबरच्या फोनवरून कळायचं, आणि तो तुझ्याविषयी काय बोलायचा ते मी ऐकून घ्यायचो.

एक दिवस तू दुकानात आलीस. धुळीनं माखलेली, एसटीनं आलेली. पोत्यावरच बसलीस.

"नागू, एक दिवस ये गावाकडं."

"काय करू येऊन?"

"काहीच करू नको. बोलू नको. दिगंबर तुझा मेहुणा हाय. तू तिथं दिसलास की त्याची माणसं जरा दमानं घेतील. नुसता उभा राह माझ्याजवळ."

मी म्हणालो, "बघतो."

तू चहा न घेता गेलीस. संध्याकाळी बायकोला सांगितलं तर ती पोळ्या लाटायची थांबली नाही. म्हणाली, "तो माझा भाऊ हाय, म्हून काय मी तुम्हाला अडवणार हाय का?" म्हणजे तेही कारण माझ्याजवळ राहिलं नाही.

आणि मी गावी आलो खरा, अक्का. तुझ्यासाठी नाही. दिगंबरच्या पोराच्या जावळाचं जेवण होतं. मांडवात पंगत बसली होती, वरणभात वाढत होते, आणि गायरानाच्या बाजूनं जेसीबीचा आवाज यायला लागला. वाट आडवी खणायला मशीन आणलं होतं. कुणीतरी धावत येऊन सांगितलं, "अक्का मशीनच्या पुढं जाऊन उभी राहिलीय." पंगतीत हशा पिकला. दोघांनी माझ्याकडं बघितलं. वाढपी भात घेऊन माझ्यापुढं आला आणि मी त्याला नको म्हणालो नाही. त्यानं वाढला. मी कालवला. मशीनचा आवाज बंद झाला. दिगंबर हात न धुताच मोटरसायकलवर बसून गेला. मी जेवत होतो.

तिथं काय झालं ते मला नंतर लिंगव्वानं सांगितलं. मशीन चालवणारा जहिराबादकडचा होता, तेलुगू बोलणारा. त्यानं मशीन बंद केलं, खाली उतरून लिंबाखाली बसला आणि म्हणाला, बाई हलत नाहीत, मी काय करू. दिगंबर आला तो सरळ बिरप्पाच्या अंगावर. तू मधे गेलीस. त्यानं हात उगारला. तू हात वर केला नाहीस, डोळे मिटले नाहीस. म्हणालीस, "दिगंबर, नागूला तुझ्या घरी जेवायला बसवलायस ना? पोटभर वाढलंस का त्याला?" त्याचा हात तसाच राहिला. मग त्यानं थुंकून तोंड फिरवलं.

म्हणजे मी कुठं आहे ते तुला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात त्यांनी वाट खणलीच. तुम्ही बायकांनी दगडमाती टाकून बुजवली. पुन्हा खणली, पुन्हा बुजवली. शेवटी मोजणी झाली आणि एक बैलगाडी जाईल एवढी वाट मोकळी राहिली. क्रशरही राहिलं. धूळ अजून ज्वारीवर बसते. तू जिंकलीस असं सभेत म्हणाले, पण तू तसं कधी म्हणाली नव्हतीस. तू म्हणायचीस, मेंढरं जायलीत, बास.

आपलं शेवटचं भांडण सीताफळांच्या दिवसात झालं. तू पिशवीभर घेऊन आली होतीस. माझी पोरं बिया थुंकत अंगणात बसली होती. मी म्हणालो, "त्या दिवसाचा राग धरून बसलीस तू." तू म्हणालीस, "राग न्हाई रे. तू आला न्हाईस, ते गेलं. पर तुला भ्या वाटलं, एवढं म्हण तरी."

"मला कशाचं भ्या? दिगंबरचं?"

"मला रोज भ्या वाटायचं तिकडं. सकाळी मेंढरं काढायच्या आधी तीन-तीनदा बूट सोडून बांधायची मी. इंगा बी तसंच करायची. आम्ही एकमेकीला सांगायचो, म्हून निभलं. इथं बी मशीनपुढं भ्या वाटायलंच होतं. तू म्हण की नागू, काय जातंय तुझं?"

"मला भ्या वाटत न्हाई," मी म्हणालो. "मला तुझं पटत न्हाई."

तू उरलेली सीताफळं टोपलीत ओतलीस. मग पोरांना म्हणालीस, बिया गिळू नका रे. आणि एसटी गाठायला निघालीस. त्यानंतर आपण बोललो नाही.

अक्का, मला भ्या वाटत होतं. दिगंबरच्या माणसांचं नाही. त्यानंतरच्या जेवणांचं. सासुरवाडीच्या ओसरीवर माझ्या शेजारची जागा रिकामी राहील त्याचं. डाळबाजारात, आला बघा अक्काचा भाऊ, असं कुणी हसून म्हणेल त्याचं. इतकं लहान भ्या. तू ज्याला भ्यायचीस त्यात बंदुका होत्या, आणि तू ते हसत सांगायचीस. माझं सांगायलाही लाज वाटावी एवढं होतं, म्हणून मी त्याला 'पटत नाही' असं नाव दिलं.

मला आठवतंय तेव्हापासून तू मला उचलूनच घेतलेलं आहेस. अप्पांच्या मेंढरांमागं रानोमाळ हिंडताना तुझ्या एका काखेत चालता न येणारं कोकरू आणि दुसऱ्या कडेवर मी. माझं वजन कोकरापेक्षा कितीतरी जास्त होतं, आणि तूही पोरच होतीस. शाळेत मास्तरांनी मारलं तर दुसऱ्या दिवशी तू माझ्या वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहायचीस. काही बोलायची नाहीस. मास्तर छडी खाली ठेवायचे. उभं राहणं तुला कुण्या परदेशातल्या लोकांनी शिकवलं, असं मी जन्मभर म्हणत आलो. त्या वर्गात बसून मीच ते आधी बघितलं होतं.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानातच होतो. सकाळी बिरप्पाच्या दारात बसल्या बसल्या गेलीस, एवढंच कळलं. मी त्यापुढं विचारलं नाही. क्रियाकर्म, पाहुणे, दिगंबरसुद्धा आला. माझ्या खांद्यावर हात ठेवून रडला. मी त्याच्यासाठी खुर्ची मागवली.

सभेच्या दुसऱ्या दिवशी इंगाचा फोन आला. तिला बातमी उशिरा कळली होती, आणि ती आता तिथंच, उम्म सालेमच्या घरी होती. माझं इंग्रजी दुकानापुरतं, तिचंही सावकाश. म्हणाली, त्यांच्याकडं माणूस गेलं की तीन दिवस बसतात. तुझ्यासाठी बसलेत. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक येतायत, कडू कॉफी पितायत. अबू सालेमनं मेंढरं आज माळावर काढली नाहीत. "उम्म सालेमला तुमच्याशी बोलायचंय," ती म्हणाली.

एका म्हातारीचा खरखरीत आवाज आला. एवढं मोठं वाक्य, त्यात मला फक्त 'उख्ती' कळलं. मला वाटलं, आता हीपण विचारणार, तुम्ही तिच्या पाठीशी होतात ना म्हणून. मी उत्तर तयार करून ठेवलं. या खेपेला खरं सांगायचं.

इंगा म्हणाली, "त्या विचारतात, शेवटचं तिनं काय खाल्लं होतं?"

मी दुकानात उभा होतो, अक्का. भोवती पोती. मला माहीत नव्हतं. तू रोज कुठं जेवायचीस, कुणाकडं, स्वतः करायचीस का, मला काहीच माहीत नव्हतं. मी म्हणालो, "विचारून सांगतो."

बीदरची एसटी धरली, तिथून संतपूर, तिथून जीप. लिंगव्वा दारात सरपण फोडत होती. मला बघून उठली नाही.

"लिंगव्वा, त्या दिवशी अक्कानं काय खाल्लं होतं?"

"कामून इचारायलाव?"

"तिकडून एक बाई विचारायलीय. तिची मैत्रीण."

लिंगव्वानं कुऱ्हाड खाली ठेवली. "माझ्याच घरी खाल्ल्या. ज्वारीची ऊन भाकर, वर लोणी, आन् शेंगाची चटनी. आर्धी अजून घेतल्या. म्हनल्या, लिंगव्वा, आज चटनी झणझणीत झालीय. म्या चाय टाकायले उठले, आन् वळून बघतेय तर भिंतीला टेकलेल्या. तोंड हसरंच होतं. मला वाटलं, डोळा लागला."

मग ती म्हणाली, "इतक्या दिसात तुम्ही इचारलाव न्हाई."

"व्हय," मी म्हणालो. "इचारलं न्हाई."

तिथंच दारातून फोन लावला. रेंज येत नव्हती, उकिरड्याच्या उंचवट्यावर चढावं लागलं. इंगाला ज्वारी समजावून सांगता येईना. मी म्हणालो, धान्य असतं, पांढरं, त्याची गरम रोटी, तव्यावरची, वर लोणी. शेंगदाण्याची तिखट चटणी. शेजारणीच्या हातची. अर्धी मागून घेतली.

इंगानं सावकाश सांगितलं.  मग उम्म सालेम मोठ्यानं काहीतरी बोलली, आणि तिच्या मागून बायकांचे पुष्कळ आवाज उठले, एकीकडून दुसरीकडं जावेत तसे.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

इंगा रडत होती. म्हणाली, "त्या सगळ्यांना सांगतायत. उपाशी गेली नाही. उपाशी गेली नाही."